सरड्याला मुलांचे जंताचे औषध पाजू नका

माणसांच्या आरोग्याच्या या सदरात सरड्याचा विषय कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. पण जरीपटक्यातील माझ्या दवाखान्यात हा प्रश्न आता वरचेवर येऊ लागला आहे. पूर्वी लोक कुत्र्याच्या जंतांबद्दल विचारीत. आता काही घरांत काचेची पेटी आली आहे आणि तिच्यात ऑस्ट्रेलियाचा दाढीवाला सरडा, ज्याला दुकानदार 'बिअर्डेड ड्रॅगन' म्हणतात, तो बसलेला असतो. मुलाचा ताप दाखवायला आलेले वडील जाता जाता विचारतात, "डॉक्टरसाहेब, आमचा सरडा खात नाही, शीमध्ये बारीक पांढरे जंत दिसतात. पोरांचे जंताचे औषध घरात पडलेच आहे, दोन-चार थेंब दिले तर चालेल का?"

माझे उत्तर ठरलेले असते. चालणार नाही. मी माणसांचा डॉक्टर आहे, सरड्याचा डोस लिहून देण्याचा मला अधिकार नाही आणि लिहूनही देणार नाही. पण नुसते 'नाही' म्हणून भागत नाही, कारण माणूस दवाखान्यातून उठतो आणि मेडिकलवरून बाटली घेऊन जातो. म्हणून 'का नाही' आणि 'मग काय करायचे' हे सविस्तर सांगणे मला गरजेचे वाटते. यात एका मुक्या जिवाचा प्रश्न आहे, आणि त्या पेटीजवळ खेळणाऱ्या लेकरांचाही आहे.

जंत दिसले म्हणजे रोग झाला का?

हा सरडा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातला. पूर्ण वाढ झालेल्याचे वजन साधारण ३०० ते ५०० ग्रॅम भरते. किडे आणि पालेभाजी असा त्याचा आहार असतो. ऑस्ट्रेलिया सरकारने आपले जंगली सरडे व्यापारासाठी देशाबाहेर पाठवण्यास बंदी घातलेली आहे. त्यामुळे बाजारात मिळतात ते पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले असतात.

अशा सरड्याच्या आतड्यात प्रामुख्याने दोन प्रकारचे पाहुणे आढळतात. पहिला, सुतासारखा बारीक पांढरा जंत. दुसरा, 'कॉक्सिडिया' नावाचा सूक्ष्म जीव, जो डोळ्यांना दिसतच नाही. यांपैकी सुतासारखे जंत थोड्या प्रमाणात असले तर बहुधा काहीच बिघडवीत नाहीत. खाणारा, अंगाने भरलेला, चपळ सरडा आणि तपासणीत तुरळक अंडी, अशा वेळी पुष्कळ पशुवैद्य औषध न देता फक्त लक्ष ठेवतात.

मग त्रास केव्हा होतो? सरडा अशक्त झाला, थंडीत राहिला, दाटीवाटीत कोंबला गेला किंवा आपलीच विष्ठा तुडवीत राहिला की जंतांचे बळ वाढते. हे प्राणी आपल्यापर्यंत कसे पोहोचतात हे पाहिले म्हणजे याचा उलगडा होतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबईच्या विमानतळावरील मालवाहतूक संकुलात महसूल गुप्तचर संचालनालयाने शोभेच्या माशांच्या खोक्यांत लपवून आणलेले ६६५ विदेशी प्राणी पकडले. त्यांत अजगर, कासवे, सरडे, इग्वाना असे नाना प्रकार होते. त्यांपैकी ११७ प्राणी पेटी उघडण्यापूर्वीच मेलेले होते. जे अशा प्रवासातून जिवंत राहतात त्यांची प्रकृती कशी असेल याची कल्पना करावी. दुकानातून घरी आणलेला 'नवा कोरा' सरडा हा पुष्कळदा एक दमलेला, उपाशी रोगी असतो.

शाळेतली गोळी आणि सरड्याचा डोस

येथे वाचक एक रास्त शंका काढतील. सरकार तर शाळेतल्या सगळ्या मुलांना तपासणी न करताच जंताची गोळी देते. २०१५ पासून १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट हे राष्ट्रीय जंतनाशक दिन म्हणून पाळले जातात. अंगणवाडीत आणि शाळेत अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी मिळते, एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी. मुलांना चालते ते सरड्याला का चालू नये?

या मोहिमेचा मी पुरस्कर्ता आहे आणि पालकांनी त्या दिवशी मुलांना घरी ठेवू नये असेच सांगत आलो आहे. पण ती मोहीम काही भक्कम गोष्टींवर उभी आहे. आपल्या मुलांत कोणते जंत असतात हे ठाऊक आहे. ते जंत रक्त आणि पोषण खातात हे ठाऊक आहे. गोळीचा डोस कोट्यवधी मुलांत वापरून सुरक्षित ठरला आहे. तुमच्या पेटीतल्या सरड्याबाबत यांपैकी एकही गोष्ट तुम्हाला ठाऊक नसते. कोणता जंत आहे, किती आहे, सरड्याचे वजन किती आहे, त्याच्या अंगात पाणी किती उरले आहे, काहीच माहीत नाही. अंधारात मारलेला दगड कोणाला लागेल हे कोण सांगणार?

आता थोडा हिशेब करू. मुलांच्या अल्बेंडाझोलच्या पातळ औषधात सामान्यतः ५ मिलिलिटरमध्ये २०० मिलिग्रॅम औषध असते, म्हणजे एका मिलिलिटरला ४० मिलिग्रॅम. वीस किलोच्या मुलाला ४०० मिलिग्रॅम मिळाले तर दर किलोमागे २० मिलिग्रॅम पडतात. तेच औषध 'जरासे' म्हणून एक मिलिलिटर ३०० ग्रॅमच्या सरड्याच्या तोंडात गेले, तर दर किलोमागे १३३ मिलिग्रॅम होतात, मुलाच्या साडेसहापट. पिल्लू ३० ग्रॅमचे असेल तर हाच आकडा आणखी दहापट चढतो. या जातीची औषधे प्रमाणाबाहेर गेली की अस्थिमज्जेवर आणि आतड्याच्या अस्तरावर आघात करतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात आणि जंतांपेक्षा मोठे संकट उभे राहते. मालकाला मात्र वाटते की 'जंतांनी मारले'.

कपाटात उरलेली कोरोनाची गोळी

याहून धोक्याची सवय म्हणजे आयव्हरमेक्टिन. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ही गोळी घराघरांत शिरली. त्या वर्षीच्या मे महिन्यात गोवा सरकारने तर सर्व प्रौढांना ती देण्याची घोषणा केली होती. पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राच्या उपचार सूचनांतून ती वगळण्यात आली, पण नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिले. 'जंतांचीही गोळी आहे ना, मग तुकडा देऊन पाहू' असा विचार होतो.

साठ किलोच्या माणसाला १२ मिलिग्रॅमची गोळी दिली तर दर किलोमागे ०.२ मिलिग्रॅम पडतात. त्या गोळीचा पाव तुकडा, म्हणजे ३ मिलिग्रॅम, ३०० ग्रॅमच्या सरड्याला दिला तर दर किलोमागे १० मिलिग्रॅम होतात. माणसाच्या पन्नासपट! हे औषध मज्जासंस्थेवर चालते. प्रमाण चुकले की प्राणी लुळा पडतो, श्वास मंदावतो आणि प्राण जातो. कासवाला तर हे औषध इतके घातक आहे की, पशुवैद्य कासवासाठी ते वापरतच नाहीत. कॉली जातीच्या काही कुत्र्यांतही जन्मजात दोषामुळे ते विषारी ठरते. एका प्राण्याचे औषध दुसऱ्याचे विष ठरू शकते, हे यावरून ध्यानात यावे.

शिवाय औषध मुळातच चुकीचे असू शकते. सरड्याला पातळ, दुर्गंधीयुक्त शी होत असेल आणि कारण कॉक्सिडिया असेल, तर अल्बेंडाझोलचा त्यावर भरवसा नाही. त्याला निराळ्या जातीचे औषध लागते. त्यांतली सल्फा जातीची औषधे अंगातले पाणी आटलेल्या प्राण्याच्या मूत्रपिंडावर ताण आणतात, म्हणून आधी पाणी भरून काढावे लागते. सुतासारख्या जंतांसाठी पशुवैद्य बहुधा फेनबेंडाझोल वापरतात आणि साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा देतात, कारण पहिल्या मात्रेतून अंडी वाचलेली असतात. मात्रा ग्रॅमच्या काट्यावर वजन करूनच ठरते. हे मी माहिती म्हणून लिहिले आहे. वाचून घरी प्रयोग करण्यासाठी नव्हे.

आधी शी तपासा

तेव्हा क्रम असा असावा : आधी विष्ठेची तपासणी, नंतर औषध, नंतर पुन्हा तपासणी.

नमुना घेणे अवघड नाही. सरड्याच्या विष्ठेत दोन भाग असतात. पांढरा, खडूसारखा भाग म्हणजे लघवीतला क्षार, त्याचा येथे उपयोग नाही. काळसर, ओला भाग हवा. सकाळी ताजा पडलेला वाटाण्याएवढा तुकडा स्वच्छ, झाकणाच्या डबीत घ्यावा आणि त्याच दिवशी पोहोचवावा. वाळलेल्या विष्ठेवरून काही ठरत नाही. डबीवर तारीख लिहावी आणि सरडा काय खातो हेही सांगावे, कारण सरड्याने खाल्लेल्या किड्यांच्या अंगातले जंतू जसेच्या तसे विष्ठेतून बाहेर पडतात आणि अनभिज्ञ तपासनीस त्यांनाच सरड्याचा रोग समजू शकतो. म्हणून हा नमुना माणसांच्या लॅबपेक्षा प्राण्यांच्या विष्ठेची सवय असलेल्या माणसाने पाहिलेला बरा.

'सरड्याचा डॉक्टर कुठे शोधायचा?' हा पुढचा प्रश्न. तो खोटा नाही. सरड्यात मुरलेले पशुवैद्य थोडेच आहेत. पण नागपूरकरांनी तरी फार हताश होऊ नये. सेमिनरी हिल्सला १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, २००० साली स्थापन झालेल्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय याच शहरात आहे, आणि परजीवीशास्त्र हा तेथे शिकवला जाणारा विषय आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या वाचकांनी हे लक्षात घ्यावे की, मिठाच्या दाट पाण्यात विष्ठा ढवळून वर तरंगलेली अंडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ही रीत गाईच्या शेणाला आणि बकरीच्या लेंडीला जी, तीच सरड्याला. तुमच्या गावचा जनावरांचा डॉक्टर तपासणी करू शकतो आणि औषधासाठी अनुभवी सहकाऱ्याशी फोनवर बोलू शकतो. माझ्यापेक्षा आणि मेडिकलवाल्यापेक्षा तो केव्हाही अधिक योग्य माणूस.

औषध अर्धे, सफाई अर्धी

तपासणी झाली, योग्य औषध मिळाले, तरी पुष्कळ सरडे महिन्याभरात पुन्हा आजारी पडतात. कारण पेटी तीच आणि घाण तीच. या जंतांना आणि कॉक्सिडियाला मधला यजमान लागत नाही. अंडी विष्ठेतून पडतात, पायाला व भाजीला लागतात आणि पुन्हा तोंडात जातात. फिनाईलचा वास आला की घर निर्जंतुक झाले असे आपण मानतो, पण कॉक्सिडियाची कवचबंद अंडी नेहमीच्या फिनाईलला दाद देत नाहीत. त्यांना उकळते पाणी आणि कडक कोरडेपणा मानवत नाही.

म्हणून उपचार चालू असताना वाळू, भुसा काढून टाकावा आणि खाली जुने वर्तमानपत्र अंथरून ते रोज बदलावे. (हे सदर वाचून झाल्यावर त्याचाही असा उपयोग करण्यास लेखकाची हरकत नाही!) विष्ठा पडताच उचलावी. भांडी उकळत्या पाण्याने धुवावीत. ओबडधोबड लाकूड स्वच्छ होत नाही, ते टाकून द्यावे. दोन सरडे असतील तर वेगळे ठेवावेत आणि नवा सरडा तपासणी होईपर्यंत जुन्यात मिसळू नये. रस्त्याच्या दिव्याखालचे किडे पकडून घालू नयेत, त्यांवर फवारणी झालेली असू शकते. पावसाळ्यात काजवा तर चुकूनही घालू नये. एखादा काजवाही या सरड्याचा प्राण घेऊ शकतो.

आणि ऊब विसरू नये. सरड्याचे रक्त आपल्यासारखे स्वतः गरम राहत नाही. पचन, रोगाशी झुंज, औषधाचा परिणाम हे सारे बाहेरच्या उष्णतेवर चालते. पेटीच्या एका टोकाला साधारण ४० अंशांची उबेची जागा, दुसरे टोक थंड, आणि अतिनील किरणांचा दिवा अशी सोय लागते. आपल्याकडच्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री दिव्याविना ठेवलेल्या सरड्याचे अन्न पोटातच राहते. उलट 'वाळवंटी प्राणी आहे, त्याला काय होते' म्हणून मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत पेटी ठेवली, तर तो भाजून मरतो. आणि कूलरच्या दमट झोतासमोर ठेवणे हेही त्याच्या प्रकृतीला मानवणारे नाही.

घरातल्या लेकरांचे काय?

आता माझ्या खात्याचा विषय. पालकांची भीती असते की सरड्याचे जंत मुलाला लागतील. सरड्याचे सुतासारखे जंत आणि त्याचे कॉक्सिडिया माणसात वाढत नाहीत. मुलाला रात्री गुदद्वाराशी खाज सुटत असेल तर ते जंत माणसांचेच असतात, सरड्याला दोष देऊ नये. भीती धरावी ती साल्मोनेला या जंतूची. टायफॉइडचा जंतू फक्त माणसात राहतो. त्याचे हे भाऊबंद मात्र निरोगी दिसणाऱ्या सरड्याच्या आतड्यात सुखाने नांदतात आणि अधूनमधून विष्ठेतून बाहेर पडतात. त्यांच्यामुळे ताप, जुलाब, पोटात कळा येतात. तान्ह्या बाळात, वृद्धात आणि ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे कमी झाली आहे अशांत हे जंतू रक्तात व मेंदूच्या आवरणात शिरू शकतात.

अमेरिकेत २०१२ ते २०१४ या काळात साल्मोनेलाच्या एका दुर्मिळ प्रकाराची साथ याच दाढीवाल्या सरड्यांपर्यंत जाऊन पोहोचली. ३६ राज्यांत १६६ रुग्ण सापडले आणि त्यांतले निम्म्याहून अधिक पाच वर्षांच्या आतले होते. त्याच देशाने १९७५ सालीच चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली, तीही मुलांना होणाऱ्या या रोगामुळेच. 'मग सरड्यालाच अँटिबायोटिक देऊन जंतू काढून टाकू' हा उपायही चालत नाही. जंतू पूर्ण जात नाहीत, उलट औषधाला निर्ढावतात.

म्हणून घरात पाच वर्षांखालील मूल, गरोदर स्त्री, वृद्ध किंवा कर्करोगाचे उपचार घेणारा रुग्ण असेल तर सरडा आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणलाच असेल तर एवढे नियम पाळावेत :

१) सरड्याला, पेटीला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. मुलांचे हात मोठ्यांनी स्वतः धुवून द्यावेत.

२) पेटी आणि तिची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नयेत. न्हाणीत धुतल्यास नंतर ती जागा घासून काढावी.

३) सरडा जेवणाच्या ओट्यावर, पाटावर, अंथरुणात फिरू देऊ नये. मुलांनी त्याचे मुके घेऊ नयेत.

४) मुलाला ताप-जुलाब झाल्यास घरात सरडा किंवा कासव आहे हे डॉक्टरांना न विचारता सांगावे. अशा वेळी केवळ विडाल तपासणीवर न थांबता रक्ताचे वा शौचाचे कल्चर करणे उपयोगी पडते.

माझ्या व्यवसायबंधूंनाही विनंती आहे की, मुलाच्या जुलाबाची चौकशी करताना 'पाणी कुठले पिता' यासोबत 'घरात कोणता प्राणी आहे' हेही विचारावे. औषध दुकानदारांनी 'सरड्यासाठी' म्हणून मागितलेली बाटली देऊ नये. आणि सरडे विकणाऱ्यांनी प्राण्याबरोबर विष्ठेच्या तपासणीचा कागद द्यावा. हजारो रुपये मोजणाऱ्या गिऱ्हाइकाने तो मागितला तर त्यात गैर काय? विदेशी प्राण्यांपैकी आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असलेल्यांची नोंद २०२४ च्या नियमांनुसार 'परिवेश' संकेतस्थळावर वन खात्याकडे करावी लागते. तेव्हा पावती आणि कागदपत्रेही मागून घ्यावीत. आपल्या देशातली घोरपड, चांदणी कासव आणि पोपट घरात पाळणे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. असा प्राणी आजारी असेल तर औषध शोधत बसू नये, वन खात्याला १९२६ या क्रमांकावर कळवावे.

प्राण्यावर माया करणे वाईट नाही, मुलांना त्यातून पुष्कळ शिकता येते. पण माया म्हणजे कपाटातली उरलेली बाटली नव्हे. ज्यांना रोज पेटी साफ करणे, वर्षातून एक-दोनदा विष्ठा तपासून घेणे आणि गरज पडल्यास पशुवैद्याकडे जाणे जमणार असेल, त्यांनी सरडा जरूर पाळावा. ज्यांना हे जमणार नसेल त्यांनी अंगणातल्या झाडावर बसणारा आपला गावठी सरडा मुलांना दुरून दाखवावा. त्याला जंताचे औषध लागत नाही.